स्क्रीनवर लाइन बंद होती

मंगळवेढा, वस्तीवरनं
२६ फेब्रुवारी २०२४

संगमेशा, तुला आन् तुज्या घरच्यांना महिपतीकाकाचा आशीर्वाद.

पत्र बगून तुला नवल वाटंल. सयाजीचा फोन पोलिसांनी नेलाय आन् माज्या साध्या फोनात तुजा नंबर न्हाय. तुज्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका हितं भिंतीला अडकवल्याली हाय, तिच्यावरनं पत्ता घेतला.

सयाजीच्या दहाव्याला तू आलास, लांब बाभळीखाली उबा राहिलास आन् न बोलता गेलास. मी बगितलं. हाक मारावी वाटलं, पर चार मानसं भवती हुती.

परवा तुमच्या कंपनीचा सायब गाडी घिऊन आलता. ओट्यावर बसला, च्या घेतला न्हाय. म्हनला, तुमचा पोरगा कंट्रोल रूमला न इचारता खांबावर चढला. लाइन चालू हाय का बंद ते बगितलंच न्हाय आन् हात घातला. त्येनं असं लिवून आनलं हुतं आन् मला खाली सही कर म्हनला. मी म्हनलो, चष्मा न्हाय, नंतर या.

संगमेशा, तू त्येला वळखतोस. डिप्लोमाला दोगं एका खोलीत राहिलात. सयाजी ल्हान हुता तवा बाकीची पोरं हिरीत धडाधड उड्या मारायची. ह्यो आदी काठी घालून बगायचा, दगुड टाकून बगायचा, मंग उतरायचा. पोरं हसायची त्येला. चार वर्सं त्या सोलरच्या लाइनवर काम केलं, कदी साधा चटका बसला न्हाय. आन् त्यो न इचारता चढला म्हनत्यात.

कंट्रोल रूम तुज्याच हापिसाच्या माडीवर हाय म्हनं. तू मला येवडंच सांग. त्येनं इचारलं हुतं का न्हाय?

तुजी बजाकाकू बोलत न्हाय. ज्वारी काढायला आलीया, मानसं मिळंनात. ती येकटी रानात जाती आन् नुसती बसून येती.

तुजा,
महिपतीकाका


सोलापूर
४ मार्च २०२४

प्रिय काका,

तुम्हाला आणि काकूंना नमस्कार.

तुमचं पत्र परवा मिळालं. मी ऑफिसातून आल्या आल्या आईनं हातात दिलं. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण मंगळवेढ्याचा शिक्का बघून कळलं.

कंपनीनं आम्हा सगळ्यांना सांगितलंय, या अपघाताबद्दल बाहेर कुणाशी बोलायचं नाही. मेल तर ऑफिसचाच आहे, आणि फोनवर बोललेलं उद्या कुणी काय म्हणून दाखवेल याचा भरवसा नाही. म्हणून मीही पोस्टानंच लिहितोय. तुम्हीही असंच लिहा.

मी कंट्रोल रूममध्ये बसत नाही, काका. तिथं स्क्रीनसमोर ऑपरेटर बसतो. मी बाहेरच्या खोलीत. तुमच्याकडच्या प्लांटवरची माहिती ज्या तारांमधून आणि यंत्रांमधून सोलापुरात येते, ती वाट मोकळी ठेवणं हे माझं काम. त्या दिवशी खुर्चीवर शिवयोगी होता. माझ्याच वयाचा, होटगीकडचा. सयाजीनं विचारलं होतं का, हे त्याला ठाऊक आहे. तो अजून कुणाशीच बोलत नाही. माझ्याशीही नाही. डबा उघडतो, झाकतो आणि घरी जातो.

पण एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सयाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धावत कंट्रोल रूममध्ये गेलो. त्याच्या लाइनचा चौकोन स्क्रीनवर हिरवा होता. आमच्याकडे हिरवा म्हणजे बंद, काम करायला मोकळी. तिकडे लाइनमध्ये वीज होती आणि इकडे स्क्रीनवर ती बंद होती. थोड्या वेळानं कुणीतरी यंत्र बंद करून चालू केलं आणि चौकोन लाल झाला.

असं का झालं ते मला माहीत नाही. शोधतो आहे. तोवर सही करू नका एवढंच म्हणेन. बाकी कुणी काय सांगितलं तरी थांबा.

दहाव्याला जवळ यायचा धीर झाला नाही.

तुमचा,
संगमेश


मंगळवेढा, वस्तीवरनं
११ मार्च २०२४

संगमेशा,

तुजं पत्र दोनदा वाचलं. तुज्या त्या हिरव्या-लालमदलं मला येवडंच कळलं की सयाजीनं इचारलं हुतं का, ह्येचं उत्तर तू दिलं न्हाईस. खुर्चीवर बसल्याला बोलत न्हाय, तू शोधतोस. शोध की. पर माज्या दारात लोक यायचं थांबत न्हाईत.

काल सायब परत आलता. म्हनला, सरकारी निरीक्षक चौकशीला येनार हाय, त्येच्या आदी सही झाली तर बरं. गावातबी त्येच चाललंय. पानाच्या टपरीवर म्हनत्यात, पोरगं घाईत हुतं. कोन म्हनतं, कानाला फोन लावून चढला. ज्यांनी त्येला कदी कामावर बगितलं न्हाय, ती मानसं ह्ये सांगत्यात.

तुला नोकरीची भीती असंल तर तसं लिव. मला राग येनार न्हाय. तुला म्हातारी आई हाय. पर मंग आशेला लावू नको.

ज्वारी निम्मी काढली. शेजारच्यांनी मदत केली. बजाकाकू अजून तशीच हाय. रातीचं ताट वाढताना तीन ताटं घेती आन् एक परत मांडनीवर ठेवती.

महिपतीकाका


सोलापूर
२३ मार्च २०२४

प्रिय काका,

तुमच्या पत्राचा मला राग आला नाही. तुम्ही लिहिलंत ते अर्धं खरं आहे, नोकरीची भीती वाटते. पण उशीर त्यामुळे झाला नाही. बिघाड सापडत नव्हता, म्हणून झाला. आता सापडला आहे. सोपं करून सांगतो, कारण तुम्हाला कळलं नाही तर मी शोधून उपयोग नाही.

आमच्या कंपनीनं डिसेंबरमध्ये शेजारचा दुसरा सोलर प्लांट विकत घेतला, हे सयाजीनं सांगितलं असेल. दोन्ही प्लांटची आपापली जाळी होती. जाळं म्हणजे यंत्रांची एक साखळी, ती माहितीला पुढची वाट दाखवत सोलापूरला आणते. प्रत्येक यंत्राकडे पाटी असते, अमुक ठिकाणी जायचं तर या बाजूला वळा. या पाट्या यंत्रं एकमेकांना विचारून आपोआप लिहितात. आमच्या जाळ्याची विचारायची भाषा एक आणि नव्या प्लांटची दुसरी. म्हणून जानेवारीत बाहेरच्या एका ठेकेदाराकडून दोन जागी दुभाषे बसवले, एक सोलापुरात आणि एक मंगळवेढ्याच्या सबस्टेशनमध्ये. या जाळ्याच्या पाट्या त्या जाळ्याला त्याच्या भाषेत सांगायच्या आणि तिकडच्या इकडे. दुभाषे दोन यासाठी, की एक बिघडला तर दुसरा असावा.

चूक इथंच झाली. एका दुभाष्यानं तिकडे सांगितलेली पाटी दुसऱ्या दुभाष्याला तिकडून ऐकू आली. ती मुळात आपलीच आहे हे त्याला कळलं नाही. त्याला ती नवी आणि जास्त जवळची वाट वाटली, म्हणून त्यानं ती परत आमच्या जाळ्यात सांगितली. असं समजा, तुमच्या वस्तीवर यायला निघालेल्या माणसाला मंगळवेढ्याच्या स्टँडवर सांगितलं, सोलापूरला जा, तिथून गाडी आहे. सोलापूरच्या स्टँडवर सांगितलं, मंगळवेढ्याला जा, तिथून गाडी आहे. तो माणूस जात राहील, येत राहील आणि तुमच्यापर्यंत कधीच पोचणार नाही. आमच्याकडे माहिती अशी ठरावीक वेळा फिरली की यंत्र ती टाकून देतं. ती कुठं गेली हे कुणाला कळतही नाही.

हे रोज होत नव्हतं, म्हणून सापडत नव्हतं. खरी वाट क्षणभर तुटली तरच खोटी पाटी आत शिरायची आणि खरी वाट परत आल्यावरही तशीच राहायची. मी गेल्या आठवड्यात लाइनवर कुणी काम करत नाही याची खात्री करून घेतली, ती वाट मुद्दाम तोडली आणि लगेच जोडली. मग सोलापुरातून प्लांटकडे माग काढला. आठ-दहा यंत्रांची नावं ओळीनं यायला हवीत. दोनच येत होती. सोलापूरचा दुभाषा, मंगळवेढ्याचा दुभाषा, पुन्हा सोलापूर, पुन्हा मंगळवेढा. मी खुर्चीत बसून ते बघत राहिलो. इतके दिवस जे शोधत होतो ते सापडलं, याचं मला काहीही वाटलं नाही. फक्त सयाजी आठवला. मग यंत्र बंद करून चालू केलं आणि वाट तात्पुरती सरळ केली.

त्या दिवशी काय झालं ते आता जुळतं. सकाळी लाइन बंद केली, ते सोलापूरला कळलं, चौकोन हिरवा झाला. मग वाट तुटून जोडली गेली आणि पाट्या फिरल्या. दुपारी नव्या प्लांटच्या माणसांनी आपलं काम संपवून लाइन चालू केली. ती बातमी दोन दुभाष्यांमध्ये फिरत राहिली आणि संपली. स्क्रीन जुनाच हिरवा चौकोन दाखवत राहिली. सयाजीला जे सांगितलं गेलं असेल, ते या स्क्रीनवरून. शिवयोगी अजून गप्प आहे, पण माझ्या मनात शंका नाही. सयाजीनं विचारलं होतं.

आता तुम्हाला एक विचारायचं आहे. ते मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही.

हा बिघाड दुरुस्त करणं अवघड नाही. दुभाष्यानं आपल्याकडून गेलेल्या पाटीवर खूण करायची आणि खूण असलेली पाटी परत आत घ्यायची नाही. एवढंच. पण दुरुस्त केला की तो गेला. निरीक्षक एप्रिलच्या मध्याला येणार. बिघाड तसाच असेल तर त्यांच्यासमोर वाट तोडून दाखवता येईल, बघा, तुमच्या डोळ्यांदेखत स्क्रीन खोटं सांगते आहे. त्या मागाचे छापील कागद मी काढून ठेवलेत. पण मी एका वकिलांना विचारलं. ते म्हणाले, असे कागद कुणीही टाइप करतं, चालू यंत्रावर दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

आणि तोवर लाइनवर माणसं चढणारच. सयाजीच्या जागी चनमल्लप्पा नावाचा मुलगा आलाय, अक्कलकोटकडचा. त्याला मी फोन करून सांगितलंय की स्क्रीनवर विसंबू नको. बाकीचे ठेकेदाराचे लोक आहेत, आज एक, उद्या दुसरा. सगळ्यांना कोण सांगणार? मोठ्या साहेबांना मी बिघाड सांगितला. ते म्हणाले, चौकशी होईपर्यंत कशालाही हात लावू नकोस, तोंडही उघडू नकोस. त्यांना काय हवंय ते मला कळत नाही. कदाचित चौकशीच्या आदल्या दिवशी ते स्वतःच कुणाकडून गुपचूप दुरुस्त करून घेतील.

मी काय करू, काका? तुमचा मुलगा गेला आहे. तुम्ही सांगाल तसं करतो.

संगमेश


मंगळवेढा, वस्तीवरनं
२८ मार्च २०२४

संगमेशा,

पत्र मिळालं. यष्टीचं उदाहरण दिलंस त्ये कळलं. मी येकदा पंचायत समितीत दाखल्यासाठी असाच फिरलोय.

बिगाड तसाच ठेव. हात लावू नको. निरीक्षकाला दाव. त्या सायबालाबी म्होरं उबा कर आन् त्येच्यासमोर दाव.

माजं पोरगं जळक्या लाकडासारखं काळं पडलं हुतं. हाताची बोटं सुटी करता आली न्हाईत. त्येच्या नावावर ही मानसं खोटं लिवत्यात, आन् खरं दावायची येकच जागा उरलीया. ती तू मोडून टाकू नको. दुसऱ्याच्या पोराचं म्हनशील तर त्येला तू सांगितलंयस. माज्या पोराला कुनी सांगितलं न्हवतं.

मी ह्ये लई इचार करून लिवतोय. बजाकाकूला इचारलं न्हाय.

महिपतीकाका


सोलापूर
१ एप्रिल २०२४

प्रिय काका,

तुमचं पत्र आज हातात पडलं. कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहितो. बिघाड आता नाही. मी तो २६ तारखेलाच दुरुस्त केला. तुम्ही उत्तर लिहायला बसलात, त्याच्याही आधी.

मी तुम्हाला विचारलं आणि वाट बघितली नाही. आधी काय झालं ते वाचा, मग मला काय म्हणायचं ते म्हणा.

२६ ला सकाळी चनमल्लप्पाचा फोन आला. तो खांबाखाली उभा होता. कंट्रोल रूममधून त्याला लाइन बंद आहे असं सांगितलं होतं. तो निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतो. म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाला स्क्रीनवर विसंबू नको. सुपरवायझर म्हणतो चढ. मग मी कशावर विसंबू?"

मी त्याला म्हणालो, चढू नको, खाली बस, मी परत फोन करतो. माग काढून बघितला. पुन्हा तीच दोन नावं, आळीपाळीनं. या वेळी मी वाट तोडली नव्हती, ती आपोआप तुटली होती. त्याच्या डोक्यावरच्या लाइनमध्ये त्या क्षणी वीज होती की नव्हती, ते सोलापुरात बसलेल्या कुणालाही सांगता आलं नसतं. मी त्याच खुर्चीत बसून दोन्ही दुभाष्यांवर खुणा लिहिल्या. नावं हळूहळू ओळीनं यायला लागली. आणि चौकोन हिरव्याचा लाल झाला.

लाल, काका. लाइन चालू होती.

मी त्याला फोन केला. तो नुसतं "हूं" म्हणाला. मागून मला फक्त वाऱ्याचा आवाज येत होता.

निरीक्षकांसमोर मी सगळं सांगेन. माझे कागद देईन. पण दाखवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. माझ्यावर रागवा. मी पुन्हा त्या खुर्चीत बसलो तरी तेच करीन, हेही तुम्हाला माहीत असू द्या.

संगमेश


सोलापूर
२० जून २०२४

प्रिय काका,

एप्रिलपासून हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर आलं नाही. येईल असं वाटत नाही, पण काही गोष्टी तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नयेत. खरं तर एक कळलीच आहे. सुपरवायझर बोलता बोलता म्हणाला, साहेबांनी एप्रिलमध्येच तुमच्याकडे जाऊन अर्थिंगचं सांगितलं. तेव्हा तुमच्या गप्प राहण्याचं कारण मला उमगलं.

होय, सयाजीनं अर्थिंग लावलं नव्हतं. लाइन बंद असली तरी तिला साखळीनं जमिनीशी जोडायचं, म्हणजे चुकून वीज आली तरी ती माणसातून न जाता जमिनीत जाते. ती साखळी त्यानं लावली असती तर तो आज असता. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी तुम्हाला लिहिलं नाही. मला वाटलं, हे कळलं की तुम्ही सही कराल. आणि तुम्हाला आयुष्यभर तेवढंच आठवत राहील.

साखळी का लावली नव्हती, तेही आता कळलंय. दोन प्लांट एक झाले आणि साखळी एकच राहिली. ती त्या दिवशी दुसऱ्या प्लांटच्या गाडीत होती. सयाजीनं मागितली. सुपरवायझर म्हणाला, संध्याकाळी मिळेल, काम आत्ता कर.

हे मला शिवयोगीनं सांगितलं. चौकशीत तो बोलला नाही, "आठवत नाही" एवढंच म्हणाला. मग मागच्या रविवारी अचानक माझ्या घरी आला. आईनं पाणी दिलं, ते तसंच हातात धरून बसला. म्हणाला, "त्यानं दोनदा विचारलं, संगमेश. पहिल्यांदा मी बघितलं आणि बंद आहे म्हणालो. मग तो म्हणाला, आज अर्थिंगची साखळी न्हाय माज्याकडं, परत एकदा बगून सांगा. मी परत बघितलं. हिरवंच होतं. म्हणालो, चढ."

मी विचारलं, हे निरीक्षकांना का नाही सांगितलंस? तो म्हणाला, माझ्या बायकोला सातवा महिना आहे. मग तो ग्लास ठेवून गेला.

काका, तुम्ही फेब्रुवारीत एकच गोष्ट विचारली होती. तिचं उत्तर हे आहे. सयाजीनं विचारलं होतं. दोनदा.

निरीक्षकांचा अहवाल आला. सुरक्षा साखळी न लावता काम केल्यामुळे मृत्यू, असं त्यात आहे. स्क्रीन खोटं दाखवत होती याबद्दल एक ओळ आहे, की असा आरोप झाला पण तपासाच्या वेळी यंत्रणा व्यवस्थित चालू होती. ती व्यवस्थित चालू होती, कारण मी केली होती. ते खोटं बोलले नाहीत. त्यांनी जे बघितलं ते लिहिलं.

मला कंपनीनं मे महिन्यात काढलं. कारण लिहिलंय, परवानगीशिवाय यंत्रणेत बदल. सध्या नवी पेठेत एका दुकानदाराकडे आहे, कापडाच्या आणि दागिन्यांच्या दुकानांत कॅमेरे बसवून देतो. दिवसभर शिडीवर असतो. बरं चाललंय असं आईला सांगतो.

काकूंना सांगा, दोनदा विचारलं होतं.

संगमेश


मंगळवेढा, वस्तीवरनं
२१ ऑक्टोबर २०२४

संगमेशा,

तुजी तिन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून राग आला. पुढची दोन फोडलीच न्हाईत. सायब अर्थिंगचं सांगून गेला तवा मला वाटलं, ह्यानं येवडं लपवलं तर बाकीचंबी आपलं समाधान करायला लिवलं असंल. दुभाषे न् पाट्या, काय खरं धरायचं? तवापास्नं तुजं नाव काढलं न्हाय. तू आदीच लिवायला पायजे हुतंस. बापाला झेपंल का न्हाय ते बापाला ठरवू द्यावं.

जूनचं पत्र पोळा झाल्यावर बजाकाकूनं माज्या म्होरं ठेवलं. म्हनली, वाचा. मी वाचत गेलो. दोनदा इचारलं हुतं, तितं आलो आन् मला म्होरं वाचता यीना. ती म्हनली, परत वाचा. मी परत वाचलं. मंग ती रडली. त्यो गेल्यापास्नं पहिल्यांदा. लई मोठ्यानं. शेजारची मानसं पळत आली, त्यांना वाटलं काय झालं. मी कुनाला काय सांगितलं न्हाय.

सही मी केली न्हाय. सायब आता येत न्हाय, अहवाल आल्यावर त्येला माज्या सहीची गरजच उरली न्हाय. गावात अजून म्हनत्यात, न इचारता चढला. आदी मी भांडायचो. आता टपरीवर जात न्हाय.

तुजी नोकरी गेली ते वाचून वाईट वाटलं. शिडीवर जपून चढत जा.

पत्र लिवायचं कारन येगळं हाय. मागल्या आठवड्यात मी रानात पेरनीच्या गडबडीत हुतो. आपल्या बांधाच्या पलीकडनं ती लाइन जाती, तुला ठाव हाय. कंपनीची गाडी आली आन् एक पोरगा उतरला. बारीक, काळा, डोईवर हेल्मेटाचं टोपडं. मी पेरायची पाभर तशीच सोडली आन् बांधावर गेलो. त्येला इचारलं, तू चनमल्लप्पा का? त्यो म्हनला, व्हय अज्जा, तुमी कसं वळखलं? मी म्हनलो, ऐकलं हुतं नाव. मी कोन त्ये सांगितलं न्हाय.

त्येनं फोन लावला. लाइन बंद हाय का इचारलं. मंग एक लांब काठी वर लावून बगितली, तीबी म्हनली वीज न्हाय. मंग गाडीतनं साखळी काढली आन् लाइनला अडकवली. आता परत्येक गाडीत एक साखळी दिलीया म्हनं. कदी दिली, मी इचारलं. म्हनला, मागचा मानूस गेल्यावर.

मंग त्यो चढला.

संगमेशा, मला वाटलं हुतं मला बगवनार न्हाय. मी माघारी जानार हुतो. पर बांधावरच बसलो आन् मूठभर माती हातात घेतली. त्यो वर गेला, पट्टा बांधला, हात म्होरं केला. माज्या हातातली माती दाबून दाबून कडक झाली. काय हुतंय म्हनून मी बगत राहिलो. काय झालं न्हाय. त्येनं पान्यानं काय तरी आवळलं, गाणं म्हनल्यागत तोंडानं काय तरी करत हुता, कानडी असंल. मंग पट्टा सोडला आन् खाली आला. पानी मागितलं. मी दिलं. त्यो पेला आन् गाडीत बसून गेला.

मी तितंच बसून राहिलो. पेरनीला आल्याली मानसं हाका मारत हुती.

तुज्यावरचा राग गेलाय असं मी लिवनार न्हाय. कदी जातो, कदी येतो. पर त्या दिवशी तू माज्या पत्राची वाट बगितली न्हाईस ते बरं केलंस. माजं पत्र येळंवर आलं असतं आन् तू ऐकलं असतंस, तर ह्ये पोरगंबी गेलं असतं आन् माज्या सांगन्यानं गेलं असतं. ह्ये मी फक्त तुला लिवतोय.

घरी आलो तर बजाकाकू चुलीपाशी हुती. तिनं लांबनं गाडी बगितली हुती. म्हनली, खांबावर कोन चढलं हुतं?

मी म्हनलो, नवा पोरगा हाय.

तिनं चुलीत एक काटकी सारली. मंग म्हनली, उतरला का?

म्हनलो, उतरला.

तुजा,
महिपतीकाका